आईच्या रकान्यात व्हर्ली मावशी

क्लिंच फोर्क, केंटकी
१३ नोव्हेंबर, बुधवार

डेलिया,

पाकिटावर मागं नाव लिहिलं नाही, कारण नाव बघून तू ते न फोडता कचऱ्यात टाकलं असतंस. आता फोडलंच आहेस तर वाच. नवा फोन नंबर तू कुणाला दिला नाहीस, आणि हा पत्ता दोन ख्रिसमसमागच्या कार्डावरून घेतलाय, तेव्हा टोलेडोत तू अजून त्याच घरी आहेस का तेही मला ठाऊक नाही.

मी क्लिंच फोर्कला आहे. हसू नकोस. वर्ष उलटून गेलंय. जत्रेतला आकाशपाळणा झाला, लुइझियानाची कोळंबीची बोट झाली, डकोटातली पाइपलाइन झाली, आणि आता मी गाड्यांच्या सीटा करायच्या कारखान्यात सांगाड्यांवर फोम चढवतो. एका जागी इतका टिकलो याचं मलाच इतकं आश्चर्य वाटतं की कधीकधी वाटतं, दुसराच कुणी माझ्या नावानं हजेरी लावतोय.

(आकाशपाळण्यावर मजा होती तशी. वर गेलेली माणसं काय बोलतात ते खाली स्पष्ट ऐकू येतं, हे त्यांना माहीत नसतं. एका माणसानं वरच लग्नाची मागणी घातली आणि बाईनं नाही म्हटलं, आणि खाली यायला अजून तीन फेऱ्या होत्या. मी काय करणार? थांबवला पाळणा. पण ते राहू दे.)

आपल्या मावशीची दोन्ही मूत्रपिंडं गेली. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार डोंगरापलीकडे मेरिटला न्यायचं, मशीनवर रक्त धुऊन आणायचं. ती त्याला लॉन्ड्री म्हणते. "चल रे, आज धुणं आहे." हे मी लॉन्ड्रीच्या बाहेरच्या बाकावर बसूनच लिहितोय. बीन्स बंद, बटाटा बंद, टोमॅटो बंद. डॉक्टरांनी यादी वाचली तेव्हा म्हणाली, "मग मला जिवंत ठेवताय ते कशासाठी?"

रजेचं असं आहे. वर्षभर एका जागी काम केलंस की घरच्या आजारपणासाठी वर्षाला बारा आठवड्यांपर्यंत रजा मिळते. पगार नाही, पण तुझी जागा राखून ठेवावी लागते, आणि सुटे सुटे दिवस घेता येतात. तसा कायदाच आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या कायद्यात बसलो! फक्त आजारी माणूस कोण त्याचे रकाने ठरलेले: नवराबायको, मूल, आई, वडील. मावशीचा रकाना नाही. मी आईच्या रकान्यात खूण केली आणि पुढं व्हर्ली कॉम्ब्स लिहिलं. लिहिताना जराही थांबलो नाही, खरं सांगतो.

पण वेळ वाईट निवडली. परवाच्या शनिवारी हरणाचा हंगाम उघडला. त्या आठवड्यात कारखान्यात निम्म्यांच्या आया आजारी पडतात हे तुला माहीतच आहे. त्यात शेजारच्या हर्शेलनं मावशीसाठी म्हणून हरीण आणून अंगणात टाकलं. ते सोलून टांगेपर्यंत माझा सोमवारचा दिवस गेला, लॉन्ड्री सांभाळून. काल कामावर मुकादम स्कॅग्जनं माझ्या नखांतलं रक्त बघितलं.

"काय रे कॉम्ब्स, कसली आहे तुझी आई? हंगामाच्या मुहूर्तावर आजारी पडते?"

"मूत्रपिंडं गेलीत तिची."

"आणि तिच्या डोक्यावर शिंगं किती होती?"

सगळे हसले. मीही हसलो. मग जेवणाच्या सुट्टीत मी टेबलापाशी गेलो तर बोलणं थांबलं. कुणीतरी माझ्यावर नजर ठेवून आहे. खुळा म्हण हवं तर.

तुला फक्त कळवायचं होतं की ती आजारी आहे. कुणाला सांगू नकोस. म्हणजे तिकडे कुणाला सांगणार म्हणा.

वेड


२० नोव्हेंबर

डेलिया,

तू असं का केलंस?

काल कर्मचारी विभागातल्या प्रॅटबाईंनी मला आत बोलावलं. दार लावून घेतलं. ही बाई दार कधी लावत नाही, तिच्या टेबलावरच्या गोळ्या येताजाता कुणीही उचलतं. काल गोळ्यांची बशीसुद्धा खणात होती.

"वेड, व्हर्ली कॉम्ब्स तुझी कोण?"

"आई."

"जन्म दिलेली?"

मग तिनं सांगितलं की शुक्रवारी कारखान्यात एक फोन आला होता. एका बाईचा. नाव दिलं नाही. फोनवरच्या मुलीनं लिहून ठेवलेलं एकच वाक्य: ती बाई त्याची आई नाही.

"कुणाचा आवाज होता?"

"ते तिला कसं कळणार? आपल्या डोंगरातला होता, एवढं म्हणाली."

डेलिया, हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. मी पंधरा वर्षांचा होतो, स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, आणि तू बॅग घेऊन पायरीवर. "तू आमची आई नाहीस." मावशीच्या हातात मक्याच्या ब्रेडचा तवा होता. तिनं तो खाली ठेवला नाही, हात भाजेपर्यंत धरून ठेवला. तू वळून बघितलं नाहीस म्हणून सांगतो.

मी तुला बुधवारी पत्र टाकतो, त्यात कारखाना, रजा, रकाना सगळं लिहितो, आणि शुक्रवारी फोन येतो. टोलेडोला पत्र दोन दिवसांत पोचतं, मी पोस्टात विचारलं. तुझं तिच्याशी काय आहे ते तू आणि ती बघून घ्या. पण ही माझी नोकरी आहे. ही गेली तर मी इथं राहीन असं तुला वाटतं? मला माहिताय मी कसा आहे. गाडीत पेट्रोल असेल तिथवर जाईन आणि तिथून पोस्टकार्ड पाठवीन. आणि मग सोमवारी सकाळी तिला डोंगरापलीकडे कोण नेणार? तू?

आता गंमत ऐक. प्रॅटबाई म्हणाली की कायद्यानं फक्त जन्मदातीच लागते असं नाही. लहानपणी जिनं आईसारखं सांभाळलं तीही चालते. मी आधीच तसं सांगितलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण मी सरळ आई लिहिलं, वर हा फोन, वर हरणाचा हंगाम, वर स्कॅग्जची बडबड. म्हणून आता माझ्या एकट्याच्या शब्दावर ती विश्वास ठेवणार नाही. शाळेचे कागद आण म्हणाली. शाळेचं तळघर पुरात गेलं, आपलं सगळं त्यातच होतं. मग म्हणाली, त्या घरात तुझ्याबरोबर वाढलेलं दुसरं कुणी असेल तर त्यानं मला स्वतः फोन करावा. सहा डिसेंबरच्या शुक्रवारपर्यंत. नाही आला, तर घेतलेली सगळी रजा खोटं बोलून घेतली असं धरणार आणि मला काढणार.

त्या घरात माझ्याबरोबर वाढलेलं दुसरं कोण आहे, डेलिया?

जिनं खड्डा खणला तिलाच दोर मागायचा. मागत नाही जा.

वेड


२४ नोव्हेंबर, रविवार

मागत नाही म्हणालो होतो, अजूनही मागत नाही. नुसतं लिहितोय. घरात बोलायला कुणी नाही. मावशी आहे, पण तिच्यावरही माझा संशय आहे, ते पुढं सांगतो.

आधी हिरव्या गाडीचं. गुरुवारपासून चर्चच्या वळणावर एक हिरवा पिकअप उभा राहतो. तासतासभर. आत एक माणूस, टोपी डोळ्यांवर. तिथून आपलं अंगण सरळ दिसतं. रजेवरच्या लोकांवर कंपन्या माणसं सोडतात, कॅमेरे घेऊन, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पाठीच्या दुखण्यावर घरी बसलेल्या एकाचा छपरावर चढलेला फोटो निघाला होता म्हणतात. मी दोन दिवस सोसलं. काल गेलो सरळ आणि काचेवर मूठ मारली.

"काढ फोटो! माझाही काढ, तिचाही काढ! ये घरात, तिच्या हातावरच्या सुयांच्या खुणा बघ!"

त्या माणसानं काच खाली केली. कानाला फोन. डोळे रडून लाल.

"भाऊ," म्हणाला, "या सगळ्या खोऱ्यात फक्त या वळणावर रेंज येते. माझी बायको मला सोडून चाललीय. मला पाच मिनिटं दे."

मी सॉरी म्हटलं. मग त्याला थर्मासमधली कॉफी नेऊन दिली. बराच वेळ बोललो आम्ही. त्याची बायको बहुतेक परत यायची नाही. मलाही पटलं ते, पण त्याला सांगितलं नाही.

तर तो नाही. स्कॅग्जच्या बायकोचा आवाज मी ऐकलाय, ती टेनेसीची आहे, हेल वेगळा. हर्शेल बाई नाही. म्हणजे फिरून फिरून मी तुझ्यावरच येतो.

आता मावशी. ती काहीतरी लपवतेय. शुक्रवारी, फोन आला तोच शुक्रवार, लॉन्ड्रीहून आल्यावर मला म्हणाली, "वेड, बर्फ आण दुकानातून, तोंड कोरडं पडलंय." (पाणी मोजून असतं ना, म्हणून बर्फ चघळते.) मी आणला. फ्रीजमध्ये बर्फाचा ट्रे भरलेला होता. परवा पुन्हा तेच. मी परत आलो तर ती फोनच्या खुर्चीत बसलेली आणि चेहरा असा की जणू हिनं बायबल चोरलंय.

"कुणाशी बोलत होतीस?"

"देवाशी."

"त्याला फोन लागतो?"

"तू घरात नसलास की लागतो."

मला वाटतं ती हर्शेलला चोरून बीन्स आणायला सांगते. काल गोठ्यामागं रिकामा डबा सापडला. बीन्सचा. एक डबा बीन्स खाल्ले तर तिचं काळीज बंद पडू शकतं, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मी कपाटं तपासतो. कचरा तपासतो. झोपली की तिच्या कोटाचे खिसे तपासतो. कारखाना माझ्यावर नजर ठेवतो आणि मी तिच्यावर. छान चाललंय आमचं.

तू नाहीच केलास फोन, असं असेल तर तसं तरी लिही.

वेड


२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी

डेलिया,

हे पत्र तू शेवटपर्यंत वाचायचंस. आधीची दोन फाडून टाक.

आज लॉन्ड्रीहून आलो. मावशीनं बर्फ मागितला. मी "आणतो" म्हणून बाहेर पडलो, गाडी सुरू केली, वळणापर्यंत नेली आणि पायी परत आलो. वाईट आहे, माहीत आहे. खिडकीतून बघितलं तर ती फोन खाली ठेवत होती. मग ती डुलत डुलत खाटेवर जाऊन पडली. लॉन्ड्रीनंतर तिला गाढ झोप लागते. मी आत आलो. आपल्या त्या भिंतीवरच्या फोनला शेवटचा नंबर पुन्हा लावायचं बटण आहे, ते दाबलं. म्हटलं हर्शेलनं उचलला की त्याला असा झाडतो.

हर्शेल नव्हता. एका मुलीनं उचलला आणि माझ्या कारखान्याचं नाव सांगितलं.

मी म्हटलं, "आत्ता इथून कुणी बोललं का?"

ती म्हणाली, "हो, त्याच आजी. त्यांना सांगा ना, की निरोप दिलेला आहे. सारखं सारखं काय फोन करतात!"

मी मावशीला हलवून उठवलं. रागात होतो. म्हटलं, "तू सांगितलंस त्यांना? तू?"

ती उठून बसली. खोटं बोलली नाही. "मग काय करू?" म्हणाली. "तू ऐकतोस का माझं? म्हटलं त्यांना सांगावं, मी याची आई नाही, नुसती मावशी आहे, त्याला उगाच रजा देऊ नका, कामावर बोलवा. हर्शेल नेईल मला. पोराला बोल लावू नका असंही सांगितलं मी. ते नाही लिहून घेतलं त्या पोरीनं?"

"अगं, त्यांना वाटतंय मी खोटं बोललो! काढतायत मला!"

"काढणारच! तेच तर सांगतेय तुला महिनाभर! तू असा दिवसाआड घरी बसलास तर तुझ्या जागेवर दुसरं कुणी बसेल."

"मावशी, कायदा आहे. जागा राखून ठेवावी लागते."

"कायदा वॉशिंग्टनमध्ये असतो. खुर्ची इथं असते."

आणि मग तिनं खुर्चीचं सांगितलं. तुला हे माहीत आहे का डेलिया? मला नव्हतं. मला एवढंच आठवतं की एका हिवाळ्यात तू नव्हतीस आणि मी हर्शेलकडे झोपायचो. तू नऊ वर्षांची असताना तुझं अपेंडिक्स पोटात फुटलं. लेक्सिंग्टनला नेलं. मावशी तेव्हा चर्चच्या तळघरातल्या शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. तीसेक बायका. आपली आई वारल्यावर आपल्या दोघांना घरात घेतलं ते त्या कॉलरींच्या भरवशावर. मालकाला म्हणाली, पोरगी बरी झाली की येते. तो म्हणाला, जा, जागा कुठं पळत नाही. तुझ्या उशाशी बसून राहिली तू चालायला लागेपर्यंत. परत आली तर तिच्या मशीनवर एक नवी पोरगी.

"माझी गादीसुद्धा तिनं घेतली होती," म्हणाली. "खुर्चीवर घालायला मी घरून नेलेली. निळी. ती म्हणाली, 'ही इथंच होती.' मी म्हटलं, राहू दे."

तेव्हाही कायदा होता, पण पन्नास माणसांच्या वरच्या कारखान्यांना. तिला तेही कुणी सांगितलं नाही. त्यानंतर ती लोकांच्या घरी भांडी घासायला लागली. तुला तिची लाज वाटायची ते आठवतंय मला, शाळेतल्या मुलींच्या घरी ती घासायची म्हणून. मलाही वाटायची.

मी विचारलं, "त्यांना असं का सांगितलंस पण? आई नाही म्हणून?"

"खरंच आहे ते. मला तसं सांगितलेलं आहे," म्हणाली. तुझं नाव घेतलं नाही.

मी बाहेर जाऊन खरंच बर्फ आणला. काय करणार दुसरं?

डेलिया, चिठ्ठीवर प्रॅटबाईचा नंबर लिहून सोबत घातलाय. सहा तारखेपर्यंत, चार वाजायच्या आत. मावशीनं स्वतः फोन करून मागं घेतलं तर ते मी शिकवून बोलायला लावलं असंच त्यांना वाटेल, मघाशी फोन करून विचारलं, प्रॅटबाईच तसं म्हणाली. तुझ्यावर नको ते आरोप केले मी, आणि तरी तुझ्याकडंच मागतोय. माझ्यासाठी नको करूस. मी कुठंही कामाला लागेन. पण मग कुठंही लागेन, आणि ती इथं राहील.

तिला यातलं काही सांगितलेलं नाही. तू नाही केलास तर तिला कळायला नको की मी तुला विचारलं होतं.

वेड

ता.क. बीन्सचा डबा हर्शेलच्या कुत्र्याचा निघाला. म्हणजे हर्शेल त्यात त्याला पाणी ठेवतो. मी अजूनही पूर्ण खात्रीनं सांगणार नाही.


९ डिसेंबर, सोमवार, लॉन्ड्रीच्या बाहेरचा बाक

डेलिया,

शुक्रवारी साडेतीन वाजेपर्यंत काही नव्हतं. शुक्रवार, म्हणजे मी इथं मेरिटला, मावशी आत मशीनवर. इथं रेंज येते. फोन हातात धरून बसलो होतो. गाडीत पेट्रोल किती आहे ते तीनदा बघून आलो. कशासाठी, ते विचारू नकोस.

चार वाजून गेल्यावर प्रॅटबाईचा फोन आला. आवाजावरून काही कळेना.

"वेड, तुझी बहीण नेहमी एवढी भांडते का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. नऊ वर्षांत भांडली नाही."

"मला एकच गोष्ट हवी होती. व्हर्ली कॉम्ब्स यांनी आईसारखं सांभाळलं, एवढं तिनं तोंडी सांगायचं आणि मी लिहून घ्यायचं. दोन मिनिटांचं काम. ती ऐकायला तयार नाही. म्हणे, 'सारखं' कशाला लिहिता? आई लिहा. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे असंच लिहायची पद्धत आहे. तर म्हणे, मग पद्धत चुकीची आहे. माझ्यासाठी तिची खुर्ची गेली, तिला सगळ्या शहराची भांडी घासावी लागली, आणि तुम्ही सारखं लिहिता? माझ्या साहेबांशी बोलायचं म्हणत होती."

"मग काय लिहिलंत?"

"मी तुला सांगणार नाही. तुझी जागा आहे तिथं आहे. मंगळवारी ये. आणि स्कॅग्जला मी सांगितलंय की आता पुन्हा हरणाबद्दल बोललास तर हंगामात तुझी स्वतःची आई कशी असते ते मी विचारेन."

म्हणजे तुला खुर्चीचं माहीत होतं. माझ्या पत्रातून कळलं की आधीपासून, ते मी विचारत नाही. आधीपासून असेल तर त्या दिवशी पायरीवर वळून बघायची तुला हिंमत का झाली नाही, ते कळतं मला. नसेल तरी चालेल.

मावशीला मी गाडीत सांगितलं, येताना. डोंगर चढेपर्यंत ती तशीच बसलेली. पट्टी बांधलेला हात मांडीवर, बाहेर बघत. मला वाटलं झोपली. मग वळणावर, तो हिरवा पिकअप उभा असायचा तिथं (हल्ली नसतो, काय झालं असेल त्याचं?), म्हणाली,

"साहेबांशी बोलायचं म्हणाली?"

"हो."

"लहानपणापासून तशीच आहे. डॉक्टरांशी भांडायची, टाके दुखतात म्हणून." मग अंगणात उतरताना, "तिला म्हणावं, एवढं आहे तर ख्रिसमसला ये. आणि येताना बीन्स आण. हा मला देत नाही. हा पोलीस आहे."

निरोप दिला. बीन्स आणू नकोस. तुझी बॅग मी दारातच तपासणार आहे.

वेड